सरकारी, सार्वजनिक आणि एकटा माणूस

'लिबर्टेरियन' या शब्दाला मराठीत अजून घर मिळालेले नाही. 'उदारमतवादी' म्हणावे तर रानडे-गोखल्यांची नेमस्त परंपरा डोळ्यांपुढे येते. 'स्वातंत्र्यवादी' म्हटले की स्वातंत्र्यसैनिकाचा भास होतो. 'स्वच्छंदतावाद' ही संज्ञा रोमँटिक कवितेच्या अभ्यासकांनी आधीच उचललेली आहे. 'व्यक्तिस्वातंत्र्यवादी' हा शब्द अर्थाला सर्वांत जवळचा, पण तो वाक्यात बसवताना अनुवादकाला दोनदा श्वास घ्यावा लागतो. मुळात हा विचार नावानिशी मुंबईत आला तो १९५० च्या दशकात, 'द इंडियन लिबर्टेरियन' या इंग्रजी नियतकालिकातून. त्यामागे रणछोडदास लोटवाला होते. याच गुजराती व्यापाऱ्याने १९२० च्या दशकात तरुण श्रीपाद अमृत डांग्यांना मार्क्सवादाच्या अभ्यासासाठी आश्रय दिला होता. एकाच माणसाच्या आयुष्यात साम्यवाद आणि त्याचा कडवा विरोध हे दोन्ही येऊन गेले. साम्यवादाला मराठी शब्द मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही.

हा विचार थोडक्यात असा. माणूस स्वतःचा मालक आहे. त्याच्या जीविताचे, मालमत्तेचे आणि कराराचे रक्षण एवढेच सरकारचे काम. धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब. सरकारने त्याला हातही लावू नये आणि हातभारही लावू नये. शाळा, ग्रंथालये, अकादम्या या संस्था लोकांनी स्वेच्छेने एकत्र येऊन चालवाव्यात, कराच्या पैशातून नव्हे. साहित्यापुरते बोलायचे तर प्रश्न सरळ आहे: सरकारने पुस्तकांना पुरस्कार का द्यावेत, कोश का काढावेत, संमेलनांना अनुदान का द्यावे?

या प्रश्नाला तत्त्वाच्या पातळीवर उत्तर देणे सोपे, म्हणूनच फारसे उपयोगाचे नाही. तो एखाद्या भाषेच्या प्रत्यक्ष व्यवहारात उतरवून पाहावा लागतो. मराठीत त्यासाठी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) यांच्याइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. धर्म, सरकार आणि सार्वजनिक संस्था या तिन्ही ठिकाणी ते आयुष्यभर वावरले, आणि मृत्यूनंतर जवळजवळ तीन दशकांनी त्यांच्या नावाच्या पुरस्कारावरूनच हा वाद पुन्हा पेटला.

मराठी न वाचणाऱ्यांसाठी थोडी ओळख आवश्यक आहे. साताऱ्याजवळच्या वाई गावी, कृष्णाकाठी, प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींच्या हाताखाली त्यांचे पारंपरिक शिक्षण झाले. 'तर्कतीर्थ' ही पदवी कोलकात्याच्या संस्कृत परीक्षेतून मिळालेली. अस्पृश्यतानिवारणाला शास्त्राधार शोधण्याच्या कामी ते गांधींच्या मदतीला होते. १९३३ मध्ये देवदास गांधी आणि लक्ष्मी राजगोपालाचारी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात झाला, तेव्हा पौरोहित्य त्यांनीच केले. पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्याकडे वळले. 'वैदिक संस्कृतीचा विकास' या त्यांच्या ग्रंथाला १९५५ साली साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पहिला पुरस्कार मिळाला.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे पुस्तक त्याआधीचे, १९४० च्या सुमारास नागपुरात दिलेल्या व्याख्यानांचे: 'हिंदुधर्माची समीक्षा'. शीर्षकातला 'समीक्षा' हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. शास्त्रीबुवांच्या हाती 'खंडन' होते, 'मंडन' होते; शास्त्रार्थाच्या आखाड्यात हे दोन शब्द रोजचे. त्यांनी ते बाजूला ठेवले. साहित्यकृतीकडे पाहावे तसे धर्माकडे पाहायचे, तो माणसांनी घडवलेला आहे असे धरून तो कसा घडला, कोणत्या गरजांतून घडला, कोणाच्या सोयीचा झाला हे तपासायचे, अशी ही दृष्टी. मराठीत धर्मावर कठोर लिहिणारे त्यांच्याआधी होऊन गेले होते. फुल्यांचा प्रहार बाहेरून होता, आगरकरांचा इंग्रजी ग्रंथांच्या आधारे होता. तर्कतीर्थांचे वेगळेपण असे की ते ज्या पोथ्यांवर वाढले त्याच पोथ्यांना त्यांनी साक्षीला बोलावले. हे गद्य वाचताना त्यात चीड सापडत नाही. एखादा जाणता वैद्य घरच्याच माणसाची नाडी पाहतो, तशी ती तपासणी आहे.

व्यक्तिस्वातंत्र्यवादी वाचकाला यातले पुष्कळ पटेल. श्रद्धेला विवेकाने प्रश्न विचारावा, माणसाने जन्माने मिळालेल्या बंधनाला सत्य मानू नये, हे त्यालाही हवेच आहे. अडचण पुढे येते. पाश्चात्त्य व्यक्तिस्वातंत्र्यवादाच्या मनातला मुख्य शत्रू राज्यसंस्था आहे. तिथे धर्म त्रासदायक झाला तो बहुधा राज्यसत्तेशी हातमिळवणी करून. आपल्याकडचा अनुभव निराळा आहे. इथे जातीने माणसाला बांधून ठेवले ते बहुतांश सरकारी हुकमाशिवाय. राजे आले, गेले, मोगलाई आली, पेशवाई आली, कंपनी आली. विहिरीवर कोणी पाणी भरायचे हे ठरवायला गावाला कोणाच्या दप्तराची गरज पडली नाही. बहिष्कार टाकायला पोलीस लागत नाहीत. न्हावी, परीट आणि किराणा दुकानदार यांनी एकाच दिवशी पाठ फिरवली की काम भागते. आणि हे सारे 'स्वेच्छेने' होते! कोणी कोणावर हात उगारत नाही, कोणाचा करार मोडत नाही. सरकार नसलेल्या जागी व्यक्ती आपोआप मोकळी होते हे गृहीतक इथेच लंगडे पडते. आंबेडकरांनी गावाऐवजी व्यक्ती हा संविधानाचा घटक मानला, त्यामागे हाच अनुभव होता.

म्हणूनच मराठीत व्यक्तीच्या बाजूने उभे राहिलेल्यांना वारंवार सरकारच्याच दारात जावे लागले. 'इंधन'सारखी कादंबरी लिहिणाऱ्या हमीद दलवाई यांनी १९६६ साली सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व थांबवणाऱ्या कायद्याची. सातच बाया! त्या बाईला घरातून बाहेर काढणारे सरकार नव्हते, पण तिला पुन्हा उभे करू शकणारे दुसरे कोणी तिला दिसत नव्हते. पन्नास वर्षांनी, २०१६ साली, महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी साठत गेल्या म्हणून. त्याआधी तीन वर्षे, नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा आला. कायद्याने माणसाची बुद्धी मोकळी होत नाही, हे खरे. पण बुद्धी मोकळी झालेल्या माणसाला गावात राहता यावे एवढी सोय कायदा करू शकतो.

आता तर्कतीर्थांच्या आयुष्यातला दुसरा अंक. रॉय यांच्या नवमानवतावादात व्यक्तीचे स्वातंत्र्य हे पहिले मूल्य होते. पक्ष ही चीजच व्यक्तीला गिळते, अशा निष्कर्षावर येऊन रॉयवाद्यांनी १९४८ साली आपला रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष स्वतःहून विसर्जित केला. भारतातल्या पक्षांच्या इतिहासात असे उदाहरण विरळाच. आणि अशा संप्रदायातला हा मनुष्य १९६० साली, महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने स्थापलेल्या साहित्य आणि संस्कृती मंडळाचा पहिला अध्यक्ष झाला. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादकपद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. पक्षाला नाही म्हणणाऱ्याने सरकारला हो म्हटले.

याला विसंगती म्हणून मोकळे होता येईल. मला त्यात एक निवड दिसते, आणि तिची किंमत मोजून पाहणे हे समीक्षकाचे काम आहे. त्यासाठी तुलनेला दुसरा कोश हाताशी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' काढला. सरकारच्या जोरावर नव्हे. त्यांनी मर्यादित कंपनी स्थापली, भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि २३ खंड पुरे केले. व्यक्तिस्वातंत्र्यवाद्याने यापेक्षा चांगला दाखला मागू नये. ज्ञानकोशाला कोणत्याही खात्याची मंजुरी लागली नाही, म्हणून केतकर आपली मते, आपले पूर्वग्रहसुद्धा, मोकळेपणाने त्यात घालू शकले. ती त्या कोशाची ताकद आहे आणि उणीवही. पण हा सगळा डोलारा एका माणसाच्या खांद्यावर उभा होता. केतकर १९३७ साली, त्रेपन्नाव्या वर्षी गेले, तेही आर्थिक विवंचनेत. मराठी समाजाने वर्गणी दिली, नाही असे नाही; पण पोटाची सोय केली नाही.

विश्वकोशाचे उलट. पहिला खंड १९७६ साली आला आणि पुढचे खंड सरकारी गतीने, काही दशके, येत राहिले. त्यात केतकरांसारखा एक आवाज नाही. शेकडो जाणकारांच्या नोंदी आहेत, संपादकीय चाळणी आहे, परिभाषा घडवण्याचे चिवट काम आहे. विज्ञानावरचा मजकूर अनुवादित करताना मी आजही आधी विश्वकोश उघडते, कारण इंग्रजी संज्ञेला कोणीतरी विचारपूर्वक दिलेला मराठी शब्द तिथे बहुधा सापडतो. तो आता संगणकावर कोणालाही फुकट वाचता येतो. बाजाराला हे काम परवडले नसते. दहा कोटी लोकांच्या भाषेलाही नाही. कारण कोश विकत घेणारे आणि कोशाची गरज असणारे हे दोन गट एक नसतात.

मात्र वाईची खरी गंमत अशी की तिथे दोन्ही प्रकारच्या संस्था शेजारी नांदत होत्या. सरकारच्या पैशावरचा विश्वकोश एकीकडे. लोकाश्रयावर उभी राहिलेली प्राज्ञपाठशाळा, तिचा धर्मकोश आणि 'नवभारत' मासिक दुसरीकडे. मे. पुं. रेगे यांच्यासारखा तत्त्वज्ञ 'नवभारत'चे संपादन करी आणि पुढे विश्वकोशाचीही धुरा घेई. माणसे तीच होती, पण कोणत्या घरात आपण कोणाला बांधील आहोत याचे भान त्यांना होते.

इथे मराठीतले दोन शब्द वेगळे करून पाहायला हवेत: 'सरकारी' आणि 'सार्वजनिक'. इंग्रजीत दोन्हींसाठी एकाच शब्दावर भागते, म्हणून तिकडच्या वादात सार्वजनिक संस्था म्हणजे सरकारी संस्था असे सहज धरले जाते. मराठीत 'सरकार' हा शब्द दरबारातून आला. जमीनदारही सरकार, संस्थानिकही सरकार, आणि शेतसारा माफ व्हावा म्हणून ज्याच्यापुढे हात जोडायचे ते 'मायबाप सरकार'. 'सार्वजनिक'चा प्रवास दुसरा आहे. १८७० ची पुण्याची सार्वजनिक सभा ही सरकारला जाब विचारण्यासाठी निघाली. फुल्यांनी आपल्या शेवटच्या पुस्तकात धर्माला 'सार्वजनिक' हे विशेषण लावले, तेव्हा त्यांच्या मनात कोणत्याही जातीची मक्तेदारी नसलेला धर्म होता. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे. आज महाराष्ट्रातली हजारो गावोगावची वाचनालये १९६७ च्या कायद्यानुसार अ, ब, क, ड अशा वर्गांत सरकारी अनुदान घेतात, पण कोणी त्यांना 'सरकारी वाचनालय' म्हणत नाही. पैसा सरकारातून येतो, वाचनालय मात्र गावाचे असते. भाषेने जपलेला हा फरक राज्यकर्ते मात्र सोयीनुसार विसरतात.

ते विसरतात तेव्हा काय होते, याची दोन उदाहरणे पुरेत. आणीबाणीच्या अनुभवावर विनय हर्डीकरांनी लिहिलेल्या 'जनांचा प्रवाहो चालिला' या पुस्तकाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार १९८१ साली, अंतुले मुख्यमंत्री असताना, काढून घेतला गेला. दुसरे उदाहरण डिसेंबर २०२२ चे. कोबाड गांधी यांच्या तुरुंगातील आठवणींच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या पुस्तकाचा अनघा लेले यांनी केलेला मराठी अनुवाद परीक्षकांनी निवडला, शासनाने पुरस्कार जाहीर केला आणि आठवडाभरातच शासननिर्णय काढून तो रद्द केला. निवड समितीही बरखास्त झाली. त्या पुरस्काराचे नाव होते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुरस्कार.

या प्रकरणातली एक बाब फारशी बोलली गेली नाही. ज्या पुस्तकात माओवादाचा गौरव असल्याचा संशय सरकारला आला, त्याच पुस्तकातील मांडणीवरून माओवादी पक्षाने आदल्याच वर्षी कोबाड गांधींना काढून टाकल्याचे जाहीर केले होते. पक्षाला पुस्तक पुरेसे निष्ठावंत वाटले नाही आणि सरकारला ते फारच निष्ठावंत वाटले. दोघांनीही पुस्तकाकडे पुस्तक म्हणून पाहिले नाही. आणि शिक्षा झाली ती तिसऱ्याच व्यक्तीला: अनुवादकाला. अनुवाद करणे म्हणजे लेखकाच्या मतांवर सही करणे नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे बिनचूक पोचवणे हा या व्यवसायाचा धर्म आहे, आणि परीक्षकांनी दाद दिली ती त्या बिनचूकपणाला. पुरस्कार रद्द झाल्यावर साहित्यिकांपैकी काहींनी स्वतःचे पुरस्कार नाकारले, काहींनी शासकीय मंडळांचे राजीनामे दिले.

'बघा, आम्ही सांगत होतो,' असे व्यक्तिस्वातंत्र्यवादी इथे म्हणेल, आणि ते ऐकून घ्यावे लागेल. जो देतो तो काढून घेतो. मग देणाऱ्याच्या दारी जावेच कशाला? दुर्गा भागवतांचे उदाहरण त्याच्या बाजूचे आहे. १९७५ साली, ऐन आणीबाणीत, कराडच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सर्वांना मौन प्रार्थना करायला लावली. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण. नंतर त्यांना अटक झाली. सरकारी सन्मान त्यांनी घेतले नाहीत, ज्ञानपीठही नाकारले. १९८१ साली मुंबईत मालतीबाई बेडेकरांच्या अध्यक्षतेखाली समांतर संमेलन भरले, तेही सरकारी हस्तक्षेपाला विरोध म्हणून. मराठीतल्या या नकाराच्या परंपरेत स्त्रिया पुढे आहेत, हे जाता जाता नोंदवावे.

पण सरकार बाजूला सारले की साहित्य मोकळे होते का? जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण परत घेतले गेले. संमेलन भरवणारे महामंडळ सरकारी खाते नाही, आणि निमंत्रण मागे घेण्यासाठी कोणता शासननिर्णय निघाला नव्हता. संमेलन उधळण्याच्या धमकीपुढे आयोजकांनी मान तुकवली, एवढे पुरले. इथे व्यक्तीला गप्प करणारे बळ होते ते सरकारच्या बाहेरचे, 'लोकांचे'. तर्कतीर्थांनी १९४० साली धर्माच्या समीक्षेत जे बळ तपासले होते, त्याचाच हा नवा अवतार.

मराठीतला या विचाराचा सर्वांत समर्थ प्रवक्ता अर्थात शरद जोशी. शेतमालाच्या भावात सरकारने ढवळाढवळ करू नये, हे त्यांनी चाकणच्या कांदा उत्पादकाला त्याच्या भाषेत पटवले. राज्यसभेत २०१० साली महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध एकट्याने मत दिले, तेही याच तत्त्वाला धरून. आणि तरीही त्यांच्या चळवळीची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे 'लक्ष्मीमुक्ती': शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा स्वखुशीने बायकोच्या नावे करायचा. कायद्याची सक्ती नव्हती. पुष्कळांनी केला. कायद्यावाचूनही समाज हलू शकतो याचा हा खरा पुरावा आहे. फक्त त्यामागे काही वर्षांची बांधणी होती, गावोगावच्या सभा होत्या, चांदवडला १९८६ साली जमलेल्या हजारो स्त्रिया होत्या. म्हणजे तिथेही एकटा माणूस नव्हता. मोकळ्या बाजाराच्या या कैवाऱ्याने मराठीत उभी केली ती शेवटी एक सार्वजनिक संस्थाच.

तेव्हा तर्कतीर्थांची निवड चुकली का? माझे मत असे: त्यांनी सरकारचा पैसा घेतला यात चूक नव्हती, कारण तो पैसा सरकारचा नव्हताच, तो विश्वकोश वाचणाऱ्या आणि न वाचणाऱ्या सगळ्यांचा होता. उणीव राहिली ती दुसरीकडे. संस्थेचे स्वातंत्र्य त्यांच्या व्यक्तिगत वजनावर, चव्हाणांसारख्या वाचणाऱ्या राजकारण्याशी असलेल्या स्नेहावर टिकले. नियमांत ते पुरेसे लिहिले गेले नाही. मोठी माणसे होती तोवर घर सार्वजनिक राहिले. ती गेली, आणि किल्ली कोणाकडे आहे हे कळले.

ही किल्ली परत मागायची तर मागणी नेमकी हवी. परीक्षकांचा निर्णय शासननिर्णयाने फिरवता येणार नाही, अशी तरतूद कायद्यातच असावी. मंडळांच्या नेमणुका सरकार बदलले म्हणून बदलू नयेत. वाचनालयाचे अनुदान त्याच्या कपाटातली पुस्तके पाहून ठरू नये. व्यक्तिस्वातंत्र्यवाद्याने सरकारवर जो संशय घ्यायला शिकवले तो या मागण्यांच्या मुळाशी आहे, आणि त्याचे ऋण मान्य करायला हरकत नाही. पण धर्म, जात आणि जमाव यांच्यापासूनही माणसाला वाचवायचे आहे, हे धडे मराठीने आपल्याच पोथ्यांतून, आपल्याच गावांतून घेतले आहेत. 'लिबर्टेरियन'चा मराठी अनुवाद ज्या दिवशी होईल, त्या दिवशी त्या शब्दात सरकारइतकाच गावकीचाही धाक मोजलेला असावा. तोवर 'सार्वजनिक' हा आपला जुना शब्द 'सरकारी'च्या तावडीतून सोडवून घेणे, एवढे काम तरी आपल्या हातात आहे.